दाराच्या कप्प्यातली बाटली

आमच्या महाबळेश्वरात ऋतू दोनच, सीझन आणि पाऊस. थंडी पडते, पण तिचं कौतुक स्ट्रॉबेरीवाल्यांना. बाकीच्यांचं वर्ष या दोघांतच वाटलेलं असतं. एप्रिल अर्धा सरला की पेठेत गरम चण्यांचा, भाजलेल्या मक्याचा आणि घोड्यांच्या लिदीचा वास एकमेकांत मिसळतो. टोपल्यांतली तुती काळीभोर होते. हॉटेलांच्या गच्च्यांवर पांढऱ्या चादरी वाळत पडतात. मी शाळेतून परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन घरी येते, तेव्हा घरासमोरच्या उतारावर गाड्यांची रांग लागलेली असते. कुणी हॉर्न वाजवत असतं, कुणी खिडकीतून डोकं काढून पार्किंग कुठे म्हणून विचारत असतं.

परवा असाच गठ्ठा छातीशी धरून येत होते. एका दुकानाबाहेर कोल्ड्रिंकचे क्रेट एकावर एक रचलेले दिसले. उन्हात काळ्या बाटल्या चमकत होत्या आणि नारिंगी तर आत दिवा लावल्यासारख्या दिसत होत्या. माझा पाय थबकलेला पाहून दुकानदार म्हणाला, "मॅडम, काढू का एक? थंडगार हाय." मी नको म्हणाले आणि उगाच हसले. त्याला काय सांगणार? मला आमच्या घरातलं हसणं बंद पडलं होतं तो सीझन आठवला होता.

माझं माहेर पलूसचं. द्राक्षांचा, बेदाण्याचा, सपाट उन्हाचा मुलूख. घाट म्हणजे काय, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून परत येताना वाईच्या पुढे पसरणीचा घाट लागला आणि दोन-तीन वळणांतच मला मळमळायला लागलं. नवरा गाडी चालवत होता. त्यांचा धंदाच टॅक्सीचा. मागच्या सीटवर सासूबाई. यांनी गाडी कडेला घेतली, आपल्या बाजूच्या दाराच्या कप्प्यातून एक बाटली काढली आणि म्हणाले, "घे, दोन घोट घे. ढेकर आली की हलकं वाटंल."

ढेकर आली, आणि चांगली दणदणीत आली. नव्या सुनेची ढेकर, तीही सासूबाईंच्या देखत! मी पदरात तोंड लपवलं. आणि हे हसले. असे हसले, की स्टिअरिंगवर कपाळ टेकवावं लागलं. मागे सासूबाईही हसायला लागल्या. पदराआडून मीही. माझ्या संसाराची खरी सुरुवात मी तिथूनच धरते.

यांचं नाव युनूस. पण इतकी वर्षं 'अहो' म्हणण्यात गेली, आता लिहितानाही 'हे'च येतं हाताला. यांचं हसणं सगळ्या स्टँडला माहीत होतं. वरचे दात पूर्ण दिसायचे, मोठे, एकसारखे, पांढरेशुभ्र. पुण्यामुंबईचे पॅसेंजर पुढच्या वर्षी फोन करून विचारायचे, "ते हसणारे ड्रायव्हर आहेत का?" पॉइंट दाखवताना हे दरीपेक्षा जास्त गोष्टी सांगत. गोष्ट संपायच्या आधी स्वतःच हसायला लागत आणि पॅसेंजर गोष्टीऐवजी यांनाच हसत.

आणि व्यसन म्हणाल तर कसलंच नाही. स्टँडवर कुणाच्या गालात मावा, कुणाच्या ओठाखाली तंबाखू. यांच्या तोंडात कधी सुपारीचं खांडसुद्धा गेलं नाही. पाच वेळची नमाज शक्य तितकी, आणि दाराच्या कप्प्यात ती एक बाटली. घाटात डोकं ताजं राहावं म्हणून. जेवायला उशीर झाला तर पोटाला आधार म्हणून. आंबट ढेकरा यायला लागल्या तेव्हा त्यावरचं औषध म्हणूनही तीच. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. बाकीच्या बायकांचे नवरे काय काय करतात ते ऐकलं की मी मनात म्हणायची, एक बाटलीभर गोड पाणी, एवढंच ना?

त्या सीझनच्या आदल्या पावसात आमची मुलगी सना सांगलीला शिकायला गेली होती. फार्मसीला. यांना ती साताऱ्यात हवी होती, जवळ. मी सांगलीचा हट्ट धरला होता, माझं माहेर तिथून तासाभरावर म्हणून. थोडी बोलाचाली झाली होती. त्यामुळे घरात जे काही बदलत गेलं, त्याचं सगळं खापर मी त्या बोलाचालीवर फोडत राहिले.

आधी रविवारच्या मटणातलं हाड ताटात तसंच राहायला लागलं. या माणसाने आजवर चोखून-फोडून फस्त केल्याशिवाय हाड कधी सोडलं नव्हतं! मग भाकरी आमटीत कुस्करून खाणं सुरू झालं. पाव चहात इतका वेळ बुडवून ठेवायचे की तो कपातच विरघळून जायचा. मी विचारलं, "स्वयंपाक आवडत नाही का?" तर मान हलवली, "तसं न्हाई." शेंगदाण्याची चटणी पुढे सरकवली की ती तशीच माझ्याकडे परत. आणि हसणं? ते आधी हाताआड गेलं, मग रुमालाआड, आणि मग दिसेनासंच झालं. सनाचा फोन आला की हे ओठ मिटूनच बोलायचे. मला वाटायचं, माझ्यावर राग धरलाय. मीही मग गप्प. सासूबाई आता नव्हत्या, सना सांगलीला; दोन माणसांचं घर, त्यात दोघं गप्प. बाहेर मात्र अख्खं गाव गजबजलेलं.

एके दिवशी पेठेत विठ्ठल भेटला. यांच्या शेजारी गाडी लावणारा, जुना दोस्त. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "वहिनी, घरात काय झालंय का? युनूसभाई पार गप झालाय. पॅसेंजरला पॉइंट दावतोय, पर त्वांडावर रुमाल धरून. आमी इचारलं तर म्हणतोय, धूळ हाय. आवं, ह्या झाडीत कसली आलीया धूळ?"

घरी येऊन मी रडले. रागावलेला माणूस घरात गप्प बसतो, हे मला कळत होतं. पण स्टँडवर? दोस्तांत? म्हणजे माझ्या हट्टाची जखम इतकी खोल गेली होती का?

पुढच्या आठवड्यात वाईला काही कापड घ्यायचं होतं. यांना तिथून एक भाडं आणायचं होतं, म्हणून मी सोबत निघाले. पाचगणी मागे पडली, घाट उतरायला लागलो. खाली धोम धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. यांनी एका हाताने बाटली काढली, एक घोट घेतला, आणि पाठोपाठ तोंडातून हवा आत ओढली. स्टिअरिंगवरची बोटं एकदम आवळली गेली. डोळे क्षणभर बारीक झाले. मी इतकी वर्षं शेजारी बसून हा माणूस ओळखते. हा राग नव्हता.

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणाले.

"का? मळमळतंय व्हय?"

"मला काही होत नाही. तुम्ही तोंड उघडा."

"काय तरीच तुजं. भाडं थांबलंय खाली."

"थांबू दे. आ करा."

गाडी थांबली. यांनी बाटलीचं झाकण लावून ती कप्प्यात ठेवली. मग हळूच माझ्याकडे वळले आणि तोंड उघडलं. ते मोठे, पांढरेशुभ्र दात राहिलेच नव्हते. होते तेही पिवळसर, गुळगुळीत, आखूड झालेले. पुढच्या दातांच्या कडा तर इतक्या पातळ, की काचेसारख्या पलीकडचं दिसावं. एकाचा कोपरा उडालेला.

"लय दिस झालं," हे खाली बघत म्हणाले. "गार सोसत न्हाई, गरम सोसत न्हाई. परवा पाव्हण्यांनी परेमानं स्ट्रॉबेरी-क्रीम दिलं. एक घास खाल्ला आन डोळ्यांतनं पाणीच आलं."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? लोक म्हणतील, ह्यो बी तंबाखू खात हुता चोरून. तुला बी तसंच वाटलं आसतं तर?"

मी यांचा हात धरला. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याआधी मला सुटल्यासारखं झालं. राग नव्हता तर. दात होते. दातांचं काहीतरी करता येतं.

फोन करून भाडं विठ्ठलच्या गळ्यात घातलं आणि वाईत सरळ दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाई तरुण होत्या, शांत. आरसा आत घालून बराच वेळ बघत राहिल्या.

"तंबाखू?"

"न्हाई."

"मावा, गुटखा, सुपारी?"

"कवाच न्हाई." हे ताठ बसले.

"मग दिवसभर काय पिता?"

"च्या. दोनदा." मी यांच्याकडे बघितलं. तसे हे म्हणाले, "आन थंडा. पर जास्त न्हाई हां, मॅडम. येकच बाटली. सकाळी घेतो, ती रातच्यापातूर पुरवून पुरवून पितो." यात मोठा अभिमान होता, एखाद्या काटकसरी माणसाचा असतो तसा.

डॉक्टरबाईंनी आरसा खाली ठेवला. "काका, पुरवून पिता तेच वाईट झालं. जेवताना एकदाच पिऊन मोकळे झाला असता, तर दातांची इतकी दशा झाली नसती."

मग त्यांनी समजावलं. या पेयांमध्ये आम्ल असतं. चव आणणारं वेगळं, आणि बुडबुड्यांचं वेगळं; त्यातलं बुडबुड्यांचं तसं सौम्य. पण सगळं मिळून ते दाताचं वरचं कठीण आवरण थोडा वेळ मऊ करतं. आपली लाळ ते हळूहळू सावरून घेते. पण तिला सवड मिळायला हवी. दर थोड्या वेळाने नवा घोट आला, तर सकाळपासून रात्रीपर्यंत दात आम्लातच भिजत राहतात. त्यात वर साखर. बिनसाखरेचं घेतलं तरी आम्ल चुकत नाही. आणि एकदा झिजलेलं आवरण परत येत नाही.

"म्या तर पिऊन झाल्यावर लगीच ब्रश करतो," हे म्हणाले. "सोच्छ राहावं म्हणून."

"ते तर मुळीच करू नका. मऊ झालेलं आवरण ब्रशने घासून जातं. साध्या पाण्याने चूळ भरायची आणि थोडं थांबायचं."

यांचा चेहरा बघवत नव्हता. इतक्या जपणुकीचं हे फळ? "मॅडम, आमच्या स्टँडवर समदी मावा खात्यात. त्यांचं दात काळं हाईत, पर शाबूत हाईत. म्या कशाच्या वाटंला गेलो न्हाई, आन माजंच झिजावं?"

"मावा खाणाऱ्यांचा हेवा करू नका, काका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांचं जे होतं ते मी इथे बघते. तुमचं दुरुस्त करता येईल."

परतीच्या वाटेवर घाटात यांनी गाडी थांबवली, बाटली उघडली आणि उरलेलं सगळं एका खडकावर ओतलं. फेस आला, ओघळला, निवला. हे वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "दगडाला तर काय झालं न्हाई." त्या दिवशी मला पहिल्यांदा हसू आलं.

विठ्ठलकडून बातमी स्टँडवर पोचली आणि मग गावात ज्याला त्याला या विषयातलं ज्ञान सुचलं. कुणी म्हणालं, यात खिळा टाकला तर रातोरात विरघळतो. कुणाच्या मोबाइलवर व्हिडिओ आला होता, हाडांचा भुगा होतो म्हणे. विठ्ठलने तर स्टँडवर खरोखरच ग्लासात थंडा ओतून गंजका खिळा टाकला. दुसऱ्या दिवशी सगळे ड्रायव्हर डोकावून बघतात, तर खिळा होता तिथेच. वरचा गंज मात्र गेलेला. "च्यायला, ह्यो तर चकचकीत झाला की रं!" विठ्ठल ओरडला आणि सगळा स्टँड हसला.

हे मात्र हसले नाहीत. घरी येऊन चहा पुढ्यात तसाच ठेवून म्हणाले, "शमीम, खरं सांग. दात दिसत्यात म्हणून कळलं. आत हाडं बी अशीच झाली आसतील का माजी? पोट?"

मी भाषा शिकवणारी बाई. मी काय सांगणार? सनाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"अब्बा," ती म्हणाली, "तुमच्या पोटात मुळातच याच्याहून जहाल आम्ल आहे. अल्लाहने पोटाला त्यासाठी अस्तर दिलंय. दातांना दिलेलं नाही, एवढाच फरक. पोट विरघळत नाही. पण त्या बुडबुड्यांनी पोट फुगतं आणि आतलं आम्ल वर येतं, म्हणून तुम्हाला जळजळतं. तुम्ही ज्याला औषध समजता ना, त्यानेच."

"आन हाडं?"

"हाडं अशी विरघळत नाहीत. पण दूध आणि जेवण सोडून हेच पीत राहिलात, तर हाडांना मिळायचं ते मिळत नाही. त्याबद्दल अभ्यास करणारे सगळे अजून एकच सांगत नाहीत. मी पण शिकतेय." ती थोडी थांबली. "अब्बा, एक विचारू? तुम्ही दुपारी जेवता कुठे?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी यांच्याकडे.

"सीजनात कोण जेवतंय गं, बेटा?"

सकाळी चहापाव घेऊन गेलेला माणूस रात्री घरी येऊन जेवतो, हे मला माहीत होतं. मधल्या वेळात काहीतरी खातच असतील, असं मी धरून चालले होते. काहीतरी म्हणजे ती बाटली होती.

मग माझ्या अंगात उत्साह संचारला. थंडा बंद, सरबत सुरू! लिंबाचं एक दिवस, कोकमाचं दुसऱ्या दिवशी, मोठ्या बाटलीत भरून मी त्याच कप्प्यात ठेवायची. पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंना हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, लिंबू पण आंबट, कोकम पण आंबट. दिवसभर घोट घोट घेतलं तर दाताला ते काय वेगळं कळतं?" हे माझ्याकडे बघून ओठ मिटून गालात हसले. मग साधं पाणी आलं, आणि जेवणासोबत ताक.

सुटणं सोपं नव्हतं. पहिले काही दिवस यांचं डोकं इतकं ठणकायचं की गाडीतली गाणी बंद असायची. चिडचिड व्हायची. वळणावर हात आपोआप कप्प्याकडे जायचा. एकदा संध्याकाळी दारातच उभे राहून म्हणाले, "आज दोन घोट घेतलं. पॅसेंजरनी दिलं. न्हाई म्हणाय आलं न्हाई." मी म्हणाले, "बरं. चूळ भरली का?" "भरली." मग आत आले. मला यात लढाई-बिढाई काही वाटली नाही. यांनी येऊन सांगितलं, एवढं मला पुष्कळ होतं.

जून लागायच्या आत पुढच्या दातांचं काम झालं. सना सुट्टीवर आली होती, तीही वाईला आली. काम संपल्यावर डॉक्टरबाईंनी यांच्या हातात आरसा दिला. यांनी ओठ वर केले, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्ये दात माजं न्हाईत. कुण्या हिरोचं बशिवलं वाटतं चुकून." आणि हसले. मोठ्याने, तोंड उघडून. सना हसली, डॉक्टरबाई हसल्या. त्या म्हणाल्या, "हिरोचे आहेत, पण हिरोसारखे वापरू नका. अक्रोड फोडायचे नाहीत." मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले, कारण मला नीट दिसत नव्हतं.

सगळं पूर्वीसारखं झालं असं मात्र नाही. मागच्या दोन दाढांना अजून गार सोसत नाही. आइस्क्रीम हे थोडं वितळू देतात. विठ्ठलने आधी खूप चिडवलं आणि मग एकदा गुपचूप घरी आला, "वहिनी, त्या बाईंचा पत्ता द्या की. मावा सोडायचा म्हणतोय." सोडला की नाही ते मी विचारलेलं नाही.

शाळेच्या सहलीत मुलं बाटल्या आणतात, आणि मला विचारतात, "मॅडम, हे खरंच वाईट असतं का?" मी त्यांना खिळ्याची गोष्ट सांगत नाही. घाबरवलेली मुलं घरी जाऊन तेच पितात, फक्त लपून. मी म्हणते, सणासुदीला जेवणाबरोबर प्या, मजेत प्या, वर पाणी प्या. पण त्याला सोबत घेऊन दिवसभर फिरू नका. आणि भूक लागली असेल तर जेवा.

हे शेवटचं वाक्य मुलांना काही कळत नाही. ते हसतात.

आज दुपारी पेपर तपासत बसले होते. उन्हं पार डोक्यावर आली होती आणि पेठेचा गोंगाट इथवर येत होता. अंगणात गाडीचं दार वाजलं. हे घाईघाईने हातपाय धुऊन आत आले.

"पॅसेंजर?" मी विचारलं.

"तळ्यावर घोड्यावर बसल्यात. पोरं उतराय तयार न्हाईत. तवर येळ हाय."

मी पेपर बाजूला सारले. दोन ताटं घेतली. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, कांदा, ताक. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सीझनमध्ये भर दुपारी आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायला लागलो ते अलीकडेच. हे जेवताना फारसं बोलत नाहीत. मीही बोलत नाही. मध्येच यांचा फोन वाजला, यांनी बघितला, आणि उपडा करून ठेवला.

"आमटी वाड की आजून," हे म्हणाले. "घोडी काय पळून जात न्हाईत."